पोराच्या पायातले बूट आणि बाकीच्यांचे खिसे

२६ सप्टेंबर २०१७ ला न्यूयॉर्कच्या फेडरल सरकारी वकिलांनी पत्रकार परिषद घेऊन कॉलेज बास्केटबॉलच्या खेळाडूंभोवती फिरणाऱ्या चोरट्या पैशांबद्दल दहा जणांवर गुन्हे दाखल केल्याचं सांगितलं. त्यात चार मोठ्या युनिव्हर्सिट्यांचे असिस्टंट बास्केटबॉल कोच होते, आदिदासमध्ये बास्केटबॉलचं मार्केटिंग बघणारा जेम्स गॅटो होता, त्याच कंपनीसाठी काम करणारा मर्ल कोड होता, ख्रिश्चन डॉकिन्स नावाचा एजंट होऊ बघणारा तरुण पोरगा होता, एक फायनान्शियल अ‍ॅडव्हायझर होता आणि एक सूट शिवणारा टेलरसुद्धा होता. दिवसभर टीव्हीवर कॉलेज बास्केटबॉल कसं सडलंय हेच चालू होतं आणि खरं सांगतो, मलाही तेव्हा बरं झालं पकडले असंच वाटलं. पण पुढची दोन वर्षं त्या खटल्यांच्या बातम्या वाचत गेलो आणि माझं मत पार उलटं झालं, आणि आता इतक्या वर्षांनी तर मला ठाम वाटतं की त्या केसमध्ये दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या गेल्या. एक म्हणजे खेळणाऱ्या पोराला किंवा त्याच्या घरच्यांना दिलेले पैसे, आणि दुसरी म्हणजे पोराच्या जिवावर, त्याला न सांगता, तिसऱ्यानेच खाल्लेले पैसे. दुसरी गोष्ट लबाडी आहे, त्याबद्दल शिक्षा व्हायलाच हवी. पहिली गोष्ट कमाई होती, आणि ती लपवून घ्यावी लागली याचा दोष मी तरी नियमालाच देतो.

ज्यांनी हा खेळ कधी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अमेरिकेत कॉलेजांच्या खेळांवर एनसीएए नावाच्या संघटनेचं राज्य आहे, १९०६ पासून. दरवर्षी मार्चमध्ये त्यांची बास्केटबॉलची बाद फेरीची स्पर्धा असते, मार्च मॅडनेस म्हणतात तिला, आणि त्या तीन आठवड्यांत ऑफिसात कोणाचं कामात लक्ष नसतं. २०१० मध्ये सीबीएस आणि टर्नर या चॅनलवाल्यांनी पुरुषांच्या या एका स्पर्धेसाठी १४ वर्षांचे १०.८ अब्ज डॉलर कबूल केले, २०१६ मध्ये त्यात अजून ८ वर्षं आणि ८.८ अब्जांची भर टाकून करार २०३२ पर्यंत नेला. मोठ्या टीमच्या हेड कोचला वर्षाला कित्येक मिलियन मिळतात, बऱ्याच राज्यांत सरकारी पगार घेणारा सगळ्यात महागडा माणूस हा राज्याच्या युनिव्हर्सिटीचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल कोच असतो. आणि एवढं सगळं ज्यांच्या उड्यांवर चालतं ती १८-१९ वर्षांची पोरं मात्र २०२१ पर्यंत हौशी, त्यांनी स्कॉलरशिपच्या पलीकडे एक डॉलर घेतला तरी खेळणं बंद.

हौशी म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर राज्य नाट्य स्पर्धा येते. दिवसा बँकेत, झेडपीत, शाळेत नोकरी करणारी माणसं रात्री तालमीला जमणार, सेटचं भाडं वर्गणी काढून भरणार, टेम्पोत नेपथ्य घालून केंद्रावर जाणार, आणि प्रयोगाला समोर निम्मे नातेवाईक. ती खरी हौस, कारण तिथे दिग्दर्शक कमवत नाही, संस्था कमवत नाही, नटही कमवत नाही, सगळे मिळून पदरमोड करतात. आता त्याच नाटकाचे हक्क चॅनलने अब्जावधींना घेतले, दिग्दर्शकाला कोट्यवधींचा पगार सुरू झाला, कपड्यांच्या कंपनीने संस्थेशी दहा वर्षांचा करार केला, आणि एकट्या नटाला बाजूला घेऊन सांगितलं की बाबा रे तू हौशी आहेस, तुझ्या आईने कोणाकडून गाडीभाडं घेतलं तरी तुला स्टेजवर चढू देणार नाही, तर आपण त्याला हौशी रंगभूमी म्हणू का?

आणि हा हौशीपणाचा नियम मुळातच काही पवित्र वगैरे नव्हता. तो आला इंग्लंडमधून, जिथे एकोणिसाव्या शतकात होड्यांच्या शर्यतीत मजूर, कारागीर, हाताने काम करून पोट भरणाऱ्या माणसाला हौशी म्हणून नावच देता येत नव्हतं. ज्याला पैशाची गरज नाही तोच खरा खेळाडू, असा तो विचार. अमेरिकेत जिम थॉर्प या मूळनिवासी खेळाडूने १९१२ च्या ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकली आणि पुढच्याच वर्षी ती काढून घेतली, कारण काय तर आधी उन्हाळ्यात बेसबॉल खेळून त्याने किरकोळ पैसे घेतले होते. ती पदकं परत मिळायला १९८२ उजाडलं, तोवर तो मरून जवळपास तीस वर्षं झाली होती. ज्याच्या घरात आहे त्याला नियमाचा त्रास नाही आणि ज्याच्या घरात नाही त्यालाच तो आडवा येतो, हे तेव्हापासूनचं आहे.

कॉलेजच्या खेळात तर ‘स्टुडंट-अ‍ॅथलीट’ हा शब्दच एका भीतीतून तयार झाला. वॉल्टर बायर्स हे १९५१ पासून १९८७ पर्यंत एनसीएएचे सर्वेसर्वा होते, आणि खेळताना जखमी झालेले खेळाडू कामगार म्हणून नुकसानभरपाई मागतील या धास्तीने हा शब्द सगळीकडे वापरायला लावला, असं त्यांनी स्वतःच नंतर लिहिलंय. कोलोरॅडोत रे डेनिसन नावाचा फोर्ट लुईस कॉलेजचा फुटबॉल खेळाडू १९५५ मध्ये मॅचमध्ये डोक्याला मार लागून गेला, त्याच्या बायकोने कामगार भरपाईसाठी दावा केला, आणि १९५७ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो कॉलेजचा कामगार नव्हताच असं म्हणून भरपाई नाकारली. मला हे वाचून खूप वाईट वाटलं होतं. म्हणजे विद्यार्थी हा शब्द आपण ज्या मायेने वापरतो तो इथे एका विधवेला हात हलवत परत पाठवायला उपयोगी पडला. बायर्सना निवृत्तीनंतर हे सगळं चुकलं असं वाटलं आणि ते खेळाडूंच्या बाजूने बोलायला लागले, पण तोवर नियमांची भिंत पक्की झाली होती.

आता बुटांकडे येतो. १९७० च्या दशकाच्या शेवटी सॉनी व्हकारो नावाचा माणूस नायकीकडे गेला आणि त्याने एक साधी गोष्ट सुचवली, कोचला पैसे द्या आणि टीमला फुकट बूट द्या. कोच जे सांगेल ते पोरं घालणार, टीव्हीवर दिसणार, गल्लीतली पोरं तेच विकत घेणार. नियमाप्रमाणे खेळाडूला पैसे देता येत नव्हते पण कोचने घेतले तर कोणाचीच हरकत नव्हती, म्हणून पैसा कोचकडे वळला. मायकल जॉर्डन नॉर्थ कॅरोलायनात खेळत होता तेव्हा त्याच्या पायात कॉनव्हर्स होते कारण टीमचे बूट तेच होते, त्यात त्याचं मत कोणी विचारलं नाही आणि त्याला मिळालं काहीच नाही. १९८४ मध्ये कॉलेज सोडल्याबरोबर तोच माणूस नायकीबरोबर सही करतो आणि पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. पुढे हे करार कोचपुरते न राहता अख्ख्या युनिव्हर्सिटीशी व्हायला लागले. २०१६ मध्ये यूसीएलएने अंडर आर्मरबरोबर १५ वर्षांचा २८ कोटी डॉलरचा करार केला. (२०२० मध्ये कंपनीने तो मोडला, युनिव्हर्सिटी कोर्टात गेली आणि ६ कोटी ७५ लाख डॉलर घेऊन तडजोड केली. युनिव्हर्सिटीला आपल्या बुटांची किंमत अगदी बरोबर कळत होती.)

२००१ मध्ये कॉलेज खेळांच्या सुधारणेसाठी नेमलेल्या नाइट कमिशनसमोर व्हकारोला बोलावलं होतं. एका माजी युनिव्हर्सिटी प्रेसिडेंटने त्याला विचारलं की युनिव्हर्सिट्यांनी तुमच्या धंद्याच्या जाहिराती का कराव्यात, त्यावर तो म्हणाला की करूच नयेत, पण तुम्ही पैसे घ्यायचं ठरवलंत आणि आम्ही देतोय, आणि तुमच्यातला एकही जण ते परत करणार नाही. पुढे याच माणसाने यूसीएलएच्या जुन्या खेळाडूला, एड ओ'बॅननला, एनसीएएविरुद्ध कोर्टात जायला मदत केली. २००९ ची ती केस, व्हिडिओ गेममध्ये आपलाच चेहरा, आपलाच नंबर, आपलीच टीम विकली जातेय आणि आपल्याला छदाम नाही हे ओ'बॅननने एका मित्राच्या घरी बघितलं तिथून सुरू झालेली. २०१४ मध्ये जज क्लॉडिया विल्कन यांनी एनसीएएचे नियम कायद्याविरुद्ध आहेत असा निकाल दिला. पहिला तडा तो.

लुईव्हिलची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी कारण सगळं चित्र तिच्यातच आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये लुईव्हिल युनिव्हर्सिटीने आदिदासबरोबर १० वर्षांचा १६ कोटी डॉलरचा करार जाहीर केला. तिथले कोच रिक पिटिनो यांचा पगार वर्षाला ७० लाख डॉलरच्या वर होता, शिवाय आदिदासचे वेगळे. नंतर तिथल्याच वर्तमानपत्राने कागद काढून दाखवलं की त्याआधीच्या करारात एका वर्षी आदिदासकडून आलेल्या रोख रकमेतले १५ लाख डॉलर पिटिनो यांना गेले आणि बास्केटबॉल विभागाला २५ हजार. ९८ टक्के एका माणसाला! आणि हे कायदेशीर होतं, करारात लिहिलेलं होतं, सह्या झालेल्या होत्या.

त्याच सुमाराला ब्रायन बोवेन नावाचा मिशिगनमधल्या सॅगिनॉचा पोरगा, देशातल्या सगळ्यात चांगल्या शाळकरी खेळाडूंपैकी एक, लुईव्हिलला जायचं ठरवतो. गॅटो, कोड, डॉकिन्स यांनी त्याच्या वडिलांना हप्त्याहप्त्याने १ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं होतं, त्यातला पहिल्या हप्त्याचाच काही भाग प्रत्यक्ष हातात पडला. पोरगा म्हणतो मला माहीतच नव्हतं, आणि मला ते पटतं, कारण अशी गोष्ट पोराला सांगितली तर तोही दोषी होणार हे वडिलांना कळत असणार. एकीकडे १६ कोटी, दुसरीकडे १ लाख. देणारी कंपनी तीच, बूट तेच, पाय मात्र त्या पोराचे.

गुन्हे दाखल झाल्यावर बोवेनला टीमबाहेर बसवलं, मग तो साउथ कॅरोलायनाला गेला, तिथेही एनसीएएने खेळू दिलं नाही, शेवटी ऑस्ट्रेलियात सिडनीच्या टीमकडून खेळला. कॉलेजची एक मॅच त्याच्या वाट्याला आली नाही. पिटिनो यांची नोकरी गेली हे खरं, पण त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला नाही, आपल्याला काही माहीत नव्हतं असं ते सांगत राहिले, पुढे खेळाच्या चौकशीतही ते निर्दोष सुटले आणि आज न्यूयॉर्कमध्ये सेंट जॉन्सचे कोच आहेत. ते खोटं बोलले असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की काहीच माहीत नसलेल्या कोचला पुन्हा संधी मिळाली आणि काहीच माहीत नसलेल्या पोराला मिळाली नाही.

खटल्यात सरकारी वकिलांनी जी मांडणी केली ती वाचून मी खरंच थक्क झालो. पैसे दिले म्हणून फसवणूक झाली, पण कोणाची? तर युनिव्हर्सिटीची. का, तर पोरगा नियमाप्रमाणे अपात्र झाला होता आणि तरीही युनिव्हर्सिटीने त्याला पात्र समजून स्कॉलरशिप दिली, म्हणजे युनिव्हर्सिटीला गंडवलं गेलं. ज्यांच्याशी त्याच कंपनीचा कोट्यवधींचा करार आहे, ज्यांच्या टीमला चांगला खेळाडू मिळावा म्हणूनच कंपनी धडपडतेय, त्या युनिव्हर्सिट्या पीडित! ऑक्टोबर २०१८ मध्ये ज्युरीने तिघांनाही दोषी ठरवलं, मार्च २०१९ मध्ये गॅटोला नऊ महिने आणि बाकी दोघांना सहा-सहा महिने कैद सुनावली, वर युनिव्हर्सिट्यांना भरपाई द्यायचा आदेश. चोर सोडून संन्याशाला सुळी असं मी म्हणणार नाही कारण हे तिघे काही संन्यासी नव्हते, त्यांना नियम ठाऊक होते आणि ते लपवत होते. पण एका खासगी संघटनेचा नियम मोडला म्हणून माणसाला तुरुंगात टाकायचं, आणि तो नियम न्याय्य आहे की नाही हा प्रश्न त्या खटल्यात यायचाच नाही, हे मला आजही पटत नाही.

आणि युनिव्हर्सिटीच्या त्या स्कॉलरशिपबद्दल, म्हणजे शिक्षण हाच मोबदला आहे या म्हणण्याबद्दल. २०१४ मध्ये नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीबद्दल एक चौकशी अहवाल आला. तिथे १८ वर्षं असे कोर्स चालले होते ज्यात क्लासच भरत नव्हता, एक पेपर लिहून द्यायचा आणि चांगली ग्रेड घ्यायची, ३,१०० हून जास्त विद्यार्थ्यांनी ते घेतले आणि त्यातले जवळपास निम्मे खेळाडू. १३ ऑक्टोबर २०१७ ला, म्हणजे गुन्हे दाखल झाल्यावर तीन आठवडेही झाले नव्हते, एनसीएएने निर्णय दिला की हे कोर्स सगळ्याच विद्यार्थ्यांना खुले होते त्यामुळे आम्हाला कारवाई करता येत नाही. बापाने पैसे घेतले तर पोराचं कॉलेजचं खेळणं कायमचं संपतं, आणि कॉलेजने पोराला वर्षानुवर्षं शिकवलंच नाही तर कोणालाच काही होत नाही. मग शिक्षण हाच मोबदला असं कोण कोणत्या तोंडाने म्हणणार?

आता त्या दुसऱ्या पैशाबद्दल, ज्याची मला मनापासून चीड आहे. त्या चार असिस्टंट कोचनी लाच घेतली, ऑबर्नच्या चक पर्सनने ९१,५०० डॉलर, एरिझोनाच्या बुक रिचर्डसनने २०,००० डॉलर, आणि ती कशासाठी, तर पुढे एनबीएत, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, गेल्यावर आपल्या पोरांना अमुकच सल्लागाराकडे, अमुकच एजंटकडे वळवायचं म्हणून. हा खरा विश्वासघात आहे, कारण त्या पोराच्या आईने कोचवर विसंबून मुलगा घरापासून लांब पाठवलेला असतो आणि तो कोच त्या मुलाच्या पुढच्या कमाईची दलाली आधीच खिशात घालून बसलेला असतो. यात पोराला काहीच मिळत नाही, उलट त्याचं नुकसान आहे. उन्हाळ्यात शाळकरी पोरांच्या ज्या ट्रॅव्हल टीम असतात, एएयू नावाच्या संघटनेच्या, तिथेही हेच, बूट कंपन्या टीम चालवणाऱ्याला पैसे देतात आणि तो पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला या कंपनीच्या कॉलेजात की त्या कंपनीच्या कॉलेजात ढकलतो. सगळे तसे नसतात, काही जण पदरचे घालून पोरांना गल्लीतल्या भानगडींपासून वाचवतात. पण व्यवस्था दलालीचीच. हे थांबवायला हवंच, पण हे वाढलंच मुळी यामुळे की पोराला उजेडात, वकील घेऊन, लेखी करार करून काहीच घ्यायची परवानगी नव्हती. उजेडातला दरवाजा बंद केला की मागच्या दारावर दलाल उभा राहणारच.

पकडले कोण गेले तेही बघा. चारही असिस्टंट कोच कृष्णवर्णीय. एकही हेड कोच नाही, एकही युनिव्हर्सिटी प्रेसिडेंट नाही. मोठ्या टीममधले खेळाडू बहुतेक कृष्णवर्णीय आणि करारावर सह्या करून लठ्ठ पगार घेणारे बहुतेक गोरे, अमेरिकेत राहून याकडे डोळेझाक करणं मला जमत नाही. आपणही ज्या समाजातून आलोय तिथे घाम कोणाचा आणि ताट कोणाचं हे जातीवरून ठरत आलंय, त्यामुळे हे ओळखायला आपल्याला वेळ लागू नये.

आता कोणी म्हणेल, एवढा चांगला खेळतो तर थेट एनबीएत जा ना. जाता येत नव्हतं. लेब्रॉन जेम्स २००३ मध्ये शाळेतून थेट एनबीएत गेला आणि एकही मॅच खेळायच्या आधी नायकीने त्याच्याशी सुमारे ९ कोटी डॉलरचा करार केला, सगळं उजेडात, कोणाला काही वावगं वाटलं नाही. २००५ मध्ये एनबीए आणि तिथल्या खेळाडूंच्या युनियनने मिळून १९ वर्षांची अट आणली आणि तो रस्ता बंद झाला. मग पोरं एक वर्ष कॉलेजात काढायला लागली. २० फेब्रुवारी २०१९ ची ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायनाची मॅच मी लाइव्ह बघत होतो, ओबामा प्रेक्षकांत बसलेले, तिकिटं हजारो डॉलरना गेलेली, आणि मॅच सुरू होऊन मिनिटसुद्धा झालं नव्हतं तर ड्यूकच्या झायन विल्यमसनचा नायकीचा बूट टराटरा फाटला, पाऊल बाहेर आलं आणि तो गुडघा धरून खाली बसला. दुसऱ्या दिवशी नायकीच्या शेअरची किंमत घसरली. एका पोराच्या पायातल्या बुटाने जगातल्या एवढ्या मोठ्या कंपनीचा शेअर हलतो आणि त्या पोराला तो बूट घालायचे शून्य पैसे! गुडघा थोडक्यात वाचला म्हणून बरं, वाचला नसता तर त्याला कोणी काय दिलं असतं?

जून २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने खेळाडूंनी लावलेल्या ऑलस्टन केसमध्ये ९-० ने एनसीएएविरुद्ध निकाल दिला. तो निकाल तसा मर्यादित होता, शिक्षणाशी संबंधित लाभांपुरता, पण न्यायमूर्ती केव्हनॉ यांनी वेगळं लिहिलं ते मला फार आवडलं. त्यांचं म्हणणं साधारण असं की एखाद्या भागातली सगळी हॉटेलं मिळून आचाऱ्यांचे पगार कमी करू शकत नाहीत, आणि वर गिऱ्हाइकांना कमी पगाराच्या आचाऱ्याच्या हातचंच आवडतं असं कारण देऊ शकत नाहीत, मग कॉलेजांना ही सूट का? लगेच १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःचं नाव, चेहरा वापरून जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा मिळाली. ऑगस्ट २०२४ मध्ये कूपर फ्लॅगने ड्यूककडून पहिली मॅच खेळायच्या आधीच न्यू बॅलन्स या बूट कंपनीशी करार केला, बातमी आली, लोकांनी अभिनंदन केलं. आणि सात वर्षं आधी बूट कंपनीने अशाच वयाच्या पोराच्या घरी पैसे पोचवले तेव्हा एफबीआय आली होती. दोन्ही गोष्टी हुबेहूब सारख्या नाहीत, अमुक कॉलेजात ये म्हणून बाहेरच्या कंपनीने पैसे देणं आजही नियमात बसत नाही, पण मूळ मुद्दा हा की पोराच्या गुणाला किंमत आहे आणि ती त्यालाच मिळावी, हे मान्य करायला एवढी माणसं तुरुंगात घालायची गरज होती का?

पैसे दिले तर खेळातली मजा जाईल, लोक बघणार नाहीत, ही भीती कोर्टातही घातली होती. २०२४ ची महिलांची फायनल, आयोवा आणि साउथ कॅरोलायना, १ कोटी ८० लाखांहून जास्त लोकांनी बघितली, त्या वर्षीच्या पुरुषांच्या फायनलपेक्षा जास्त, आणि आयोवाची केटलिन क्लार्क तेव्हा नायकीची जाहिरात करत होती हे सगळ्यांना माहीत होतं. माझ्या घरी बास्केटबॉलमधलं काही न कळणारी माझी बायको आणि मुलगी दोघी सोफ्यावर उभ्या राहून ओरडत होत्या.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. एमएस करताना मी टीए होतो, लॅब घ्यायची, पेपर तपासायचे, त्याचे मला पैसे मिळायचे आणि फीसुद्धा माफ होती. विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर कॅम्पसमध्ये आठवड्याला २० तास काम चालतं, आपली हजारो पोरं असंच करून शिकलीत. तू पैसे घेतोस म्हणजे तू विद्यार्थी नाहीस असं मला कोणी कधी म्हटलं नाही. संगीत शिकणारी मैत्रीण शनिवारी लग्नात व्हायोलिन वाजवून पैसे आणायची, तिच्या शिक्षकांना कौतुक वाटायचं. हा हौशीपणाचा सोवळेपणा फक्त खेळाडूंच्याच वाट्याला का?

आणि याच एफ-१ ची एक बाजू आपल्या लोकांनी लक्षात घेतली पाहिजे. जाहिरातीची मुभा आली पण परदेशी विद्यार्थ्यांना ती अमेरिकेत वापरता येत नाही कारण व्हिसा असं काम करू देत नाही. केंटकीचा ऑस्कर शिब्वे काँगोहून आलेला, २०२२ मध्ये देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला, आणि त्याला जाहिरातींचं काम करायला टीम बहामाला गेली तेव्हाची वाट बघावी लागली, अमेरिकेबाहेर होता म्हणून. उद्या नागपूरची किंवा पुण्याची एखादी मुलगी इथल्या कॉलेजच्या टीममध्ये आली तर शेजारच्या लॉकरमधली मुलगी बुटांच्या जाहिरातीतून कमवेल आणि ही फक्त बूट घालेल.

जून २०२५ मध्ये हाउस केसची, म्हणजे खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लावलेल्या आणखी एका केसची, तडजोड मंजूर झाली, परत जज विल्कन यांच्याच कोर्टात. जुन्या खेळाडूंना १० वर्षांत मिळून सुमारे २.८ अब्ज डॉलर, आणि आता कॉलेज स्वतः खेळाडूंना पैसे वाटू शकतं, २०२५-२६ या पहिल्या वर्षासाठी साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. मोठी गोष्ट आहे, मी नाकारत नाही. पोहणं, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स अशा खेळांच्या टीम बंद पडतील आणि मुलींच्या वाट्याला कमी येईल ही भीती खरी आहे आणि त्याचं समाधानकारक उत्तर अजून कोणी दिलेलं नाही, माझ्याकडेही नाही. पण ६०० डॉलरच्या वरचा प्रत्येक बाहेरचा करार एका क्लिअरिंगहाउसकडे दाखवायचा, तिथे ठरणार की ही रक्कम वाजवी आहे का. कोचची बूट कंपनीकडून येणारी रक्कम वाजवी होती का हे चाळीस वर्षांत कोणी तपासलं नाही. खेळाडू कामगार आहे हे अजूनही मान्य नाही. डार्टमथच्या बास्केटबॉल टीमने मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी युनियन करायचं ठरवलं, कॉलेजने बोलणी करायलाच नकार दिला, आणि वर्ष संपताना पोरांना अर्ज मागे घ्यावा लागला. त्यांच्या मागण्यांत दुखापतीच्या उपचारांचा खर्च होता. रे डेनिसनच्या बायकोने मागितलं होतं त्याच्या आसपासचंच काहीतरी, जवळपास सत्तर वर्षांनी.

मला हवंय ते फार नाही. पोराला लेखी करार मिळावा, त्याच्या बाजूचा वकील मिळावा, दुखापतीचा विमा त्याच्या नावावर असावा, आणि शाळकरी पोराला कुठे पाठवायचं याचे पैसे खाणाऱ्या मोठ्या माणसाला मात्र जरूर पकडावं. बूट कंपनीने द्यायचेच असतील तर ज्याच्या पायात बूट आहेत त्याला चेकने द्यावेत, टॅक्स भरून.

ब्रायन बोवेनने आदिदासवर केस केली होती, तुमच्या या भानगडीत माझं करिअर गेलं म्हणून. २०२१ मध्ये ती फेटाळली गेली, २०२३ मध्ये अपीलही हरला. भरपाईचा आदेश झाला तो युनिव्हर्सिट्यांसाठी.